यार्देनेपलीकडचे भाऊ

अभ्यासपाठ : सीमेवरची गावे आणि शेजारधर्म
शास्त्रभाग : यहोशवा २२:९-३४, अनुवाद २१:१-९



नवापूरचे रेल्वे स्टेशन आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. सुरत-भुसावळ मार्गावरचे हे स्टेशन काही महाराष्ट्रात आणि काही गुजरातमध्ये आहे. तिकीट खिडकी आपल्या राज्यात, स्टेशन मास्तरांची कचेरी शेजारच्या राज्यात. फलाटावरच्या एका बाकाच्या मधून राज्याची सीमा जाते. सेवाकार्य पाहायला आलेल्या पाहुण्यांना मी तो बाक आवर्जून दाखवते. एक जण महाराष्ट्रात, एक जण गुजरातमध्ये असे बसून सगळे हसत फोटो काढतात.

बाकावर बसताना सीमा कोणाला लागत नाही. ती कुठे लागते, हे मला एका बाळंतपणाने शिकवले. त्या अनुभवावरून आणि वरील शास्त्रभागावरून या अंकाचा पाठ लिहीत आहे.

एक रात्र

काही वर्षांपूर्वीची श्रावणातली रात्र. सीमेलगतच्या एका पाड्यावरून आशाताईंचा फोन आला. “ताई, पाणी गेलंय, कळा वाढल्यात. १०८ लागते, पण पलीकडच्या राज्यात लागते. ते आपलं गाव विचारतात, त्यांना सापडत नाही.” सीमेवर मोबाईल ज्या टॉवरला धरतो, फोन त्याच राज्यात जातो. शेवटी गावातलीच एक जीप निघाली.

मग प्रश्न आला, न्यायचे कुठे? गुजरातमधले आरोग्य केंद्र सहा किलोमीटरवर होते. आपले केंद्र एकोणीस किलोमीटरवर, आणि वाटेत भरलेला नाला. बाईच्या नवऱ्याने फोन घेऊन मला विचारले, “ताई, तुम्ही सांगा.” मी सांगितले, “कार्ड आपल्या बाजूचं आहे. तिकडून परत पाठवलं तर वेळ जाईल. आपल्याकडेच न्या.”

बाळ जीपमध्येच जन्मले. आईचा रक्तस्राव थांबेना. पहाटे जिल्ह्याच्या गावी पोचल्यावर दोन बाटल्या रक्त द्यावे लागले. प्रभूच्या कृपेने ती वाचली, मुलगीही वाचली.

महिन्याभराने दुसऱ्या कामासाठी मी पलीकडच्या त्या केंद्रात गेले. तिथल्या नर्सबेनला ही हकिकत सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “बेन, त्या रात्री मी ड्युटीवरच होते. बाळंतपणाला आलेल्या बाईला आम्ही कधी राज्य विचारतो का?”

त्या भागात मी बारा वर्षे काम करत होते. त्या बारा वर्षांत एकदाही पलीकडे जाऊन हा प्रश्न विचारला नव्हता. तिकडे घेणार नाहीत, असे मी मनाशी धरून चालले होते. त्या गृहीताची किंमत दुसरीच एक बाई भरणार होती.

पुढे जन्मनोंदीचा घोळ झाला. कायद्याप्रमाणे जन्म जिथे झाला तिथे त्याची नोंद होते. तो रस्ता वळणावळणाने दोन्ही राज्यांतून जातो. आपल्याकडे सांगितले, जन्म पलीकडच्या हद्दीत झाला. पलीकडे सांगितले, आई आमची रहिवासी नाही आणि बाळंतपण आमच्या केंद्रात झाले नाही. दोघेही आपापल्या कागदाप्रमाणे बोलत होते. नोंद २१ दिवसांत सहज होते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. या कुटुंबाचे वर्ष खेपा घालण्यातच उलटले. ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशापासून पुढच्या सगळ्या कामांना जन्मदाखला हाच मुख्य पुरावा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या खेपांचे मोल कळते.

शास्त्र काय शिकवते : यहोशवा २२

त्या दिवसांत रोजच्या वाचनात हा अध्याय आला. पूर्वी मी तो वेदीच्या शुद्धतेविषयीचा पाठ म्हणून वाचला होता. या वेळी नकाशासमोर ठेवून वाचला.

रऊबेन, गाद आणि मनश्शेचा अर्धा वंश यांना यार्देनेच्या पूर्वेस वतन मिळाले होते. बाकीच्या वंशांना पश्चिमेस मिळाले. देव एक, पूर्वज एक, पण मधून नदी. पूर्वेकडचे वंश घरी परतताना यार्देनेजवळ एक मोठी वेदी बांधतात. पश्चिमेकडच्यांना वाटते, यांनी वेगळी उपासना सुरू केली, देवाला सोडले. पौराचे पाप आणि आखानाचा अपराध त्यांना ठाऊक होता. काही जणांच्या पापाचे परिणाम सर्व लोकांना भोगावे लागतात, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून ते शिलो येथे लढाईसाठी जमतात. पुढे जे घडते त्यातून मला तीन गोष्टी शिकायला मिळाल्या.

पहिली, ते आधी विचारायला जातात (१३-१४). सैन्याऐवजी एलाजार याजकाचा मुलगा फिनहास आणि प्रत्येक वंशाचा एक असे दहा सरदार नदी ओलांडतात. ही माणसे आपापल्या वंशाच्या वतीने बोलू शकत होती. आजच्या भाषेत सांगायचे तर सरपंच, सभापती आणि पाळक एकत्र गेले.

दुसरी, ते रिकाम्या हाताने जात नाहीत (१९). तुमची भूमी अशुद्ध वाटत असेल तर अलीकडे या, आमच्यात वतन घ्या, असे ते सुचवतात. हे वचन आपण सहज ओलांडून जातो. आरोप करायला आलेले लोक आपल्या वाट्यातली जमीन द्यायला तयार आहेत. शेजाऱ्याला दोष देण्याआधी त्याच्यासाठी माझ्यातले काय सोडायला मी तयार आहे, असा प्रश्न येथे आपल्यापुढे येतो.

तिसरी, खरे कारण भय हे होते (२४-२५). पूर्वेकडचे वंश सांगतात, ही वेदी यज्ञासाठी नाही. उद्या तुमची मुले आमच्या मुलांना म्हणतील की आपल्यामध्ये यार्देनेची सीमा आहे, तुमचा परमेश्वराशी काही संबंध नाही. म्हणून ही बांधली. पलीकडच्यांना जे बंड वाटले ते वास्तविक नाते टिकवण्याची धडपड होती. फिनहासाला हे पटले. तो परत जाऊन सांगतो आणि लढाईची भाषा थांबते. त्या वेदीला साक्ष असे नाव पडते (३४).

साक्ष कशासाठी? त्या पिढीला एकमेकांची ओळख होती. खांद्याला खांदा लावून ती लढली होती. साक्ष हवी होती पुढच्या पिढीसाठी. ओळखीची माणसे गेल्यावर नाते टिकायचे तर डोळ्यांना दिसेल असे काहीतरी उभे असावे लागते.

अंतर मोजा : अनुवाद २१

दुसरा शास्त्रभाग लहान आहे. शेतात एक मृतदेह सापडतो आणि मारणारा कोण ते कळत नाही. तेव्हा वडील आणि न्यायाधीश बाहेर येऊन आसपासच्या नगरांपर्यंतचे अंतर मोजतात. जे नगर सर्वांत जवळ, त्याच्या वडिलांनी पुढे होऊन देवासमोर उभे राहायचे. मेलेला माणूस कुठल्या नगरचा, कुठल्या वंशाचा, हे आधी विचारलेले नाही. दोरी धरून अंतर मोजले आहे.

त्या रात्री मी अंतर मोजले असते तर उत्तर सोपे होते. सहा आणि एकोणीस.

इतरत्र काय केले आहे

ही अडचण जगात आपल्या एकट्याची नाही. युरोपातल्या पिरेनीज पर्वतात सर्दान्या नावाचे खोरे आहे. १६५९ सालच्या तहाने त्याचे दोन तुकडे झाले. एक फ्रान्सकडे, एक स्पेनकडे. दोन्हीकडे पिढ्यानपिढ्या कातालान भाषा बोलली जात होती, सोयरिकी होत्या. फ्रान्सकडच्या गावांना मोठे इस्पितळ म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर घाट उतरून पर्पिन्याँ शहर. स्पेनकडचे पुचसर्दा हे गाव मात्र अगदी सीमेला लागून.

२००६ मध्ये युरोपीय संघाने असा नियम केला की वेगवेगळ्या देशांतल्या शासनसंस्था मिळून एकच कायदेशीर मंडळ स्थापू शकतात. त्याच्या आधाराने पुचसर्दा येथे दोन्ही बाजूंसाठी एक इस्पितळ उभे राहिले आणि सप्टेंबर २०१४ मध्ये ते सुरू झाले. खर्चाचा ६० टक्के वाटा कातालोनियाचा आणि ४० टक्के फ्रान्सचा. कर्मचारी दोन्ही बाजूंचे. साधारण तीस हजार लोकवस्तीचे ते खोरे आहे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीएवढी माणसे.

आता गंमत पाहा. इमारत झाली, डॉक्टर आले, खर्चाची वाटणी ठरली, तरी जन्मनोंदीचा प्रश्न उरलाच. फ्रेंच आईबापांचे बाळ स्पेनच्या भूमीवर जन्मते, म्हणून त्याची नोंद परदेशातला जन्म अशी होते. सुरुवातीला कोणी दगावले तर शव चार पावलांवरच्या घरी न्यायला दोन देशांचे कागद लागत. हे वाचले तेव्हा मला आमच्या जीपमधल्या मुलीची आठवण झाली. माणसे लवकर जवळ येतात, नोंदवह्यांना वेळ लागतो. म्हणून कागदाचा विचार सुरुवातीलाच करावा, हा त्यातला धडा.

दुसरे उदाहरण बार्ले गावाचे. तिथे बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्या जमिनीचे तुकडे एकमेकांत इतके मिसळले आहेत की सीमा घरांच्या मधून जाते. घराचा पुढचा दरवाजा ज्या देशात, ते घर त्या देशाचे, अशी तिथली रीत. नगरपालिका दोन, नगराध्यक्ष दोन. पण गावाच्या सामाईक कामांसाठी दोन्ही नगरपालिका एकत्र बसतात. सीमा पुसायला कोणी सांगितले नाही. सीमा तशीच ठेवून त्यांनी कामे वाटून घेतली.

आपल्याकडची स्थिती

ते तर वेगवेगळे देश. आपल्याकडे देश एक, संविधान एक, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंचा हा पट्टा पाचव्या अनुसूचीतला, म्हणजे दोन्हीकडे १९९६ चा पेसा कायदा आणि ग्रामसभेचे अधिकार. आपल्याकडचे मावची आणि पलीकडचे गामीत एकमेकांचे बोलणे समजतात. अनेक सुनांचे माहेर पलीकडे आहे.

तरी १ मे १९६० पासून कारभार दोन आहेत. आपल्याकडे ग्रामपंचायत अधिकारी (२०२४ पर्यंतचे ग्रामसेवक), तिकडे तलाटी-कम-मंत्री. आपल्याकडे पंचायत समिती आणि जिल्हा परिषद, तिकडे तालुका पंचायत आणि जिल्हा पंचायत. माहिती आपल्याकडून जिल्ह्याला, तिथून मुंबईला जाते, तिकडून गांधीनगरला. सहा किलोमीटरवरच्या शेजाऱ्याला ती कळायची असेल तर दोन राजधान्यांना वळसा घालून यावी लागते.

वरच्या पातळीवर बसायला जागा आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने विभागीय परिषदा झाल्या. पश्चिम विभागीय परिषदेत महाराष्ट्र आणि गुजरात दोन्ही आहेत. निवडणूक आली की दारू आणि पैशांची ने-आण रोखायला दोन्हीकडचे अधिकारी सीमेवर एकत्र बसतात. दारूसाठी बसता येते, तर बाळंतिणीसाठीही बसता येईल.

गरज पडली तेव्हा सीमेपलीकडे पाहिले गेले आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरच्या कोंबडीपालन केंद्रांत सापडला. रोगाभोवती वर्तुळ आखले गेले. वर्तुळाला राज्य नसते; शेजारच्या उच्छल तालुक्यातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये एका राज्याच्या शिधापत्रिकेवर दुसऱ्या राज्यात धान्य देण्याची सोय देशात प्रथम ज्या दोन जोड्यांत सुरू झाली, त्यांत महाराष्ट्र-गुजरात ही जोडी होती. ऊसतोडीला बारडोली, व्यारा भागात जाणाऱ्या आपल्या कोयत्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. पण धान्य मिळाले तरी पडावावरच्या मुलाचे लसीकरण, गरोदर बाईची तपासणी, मोठ्या मुलांची शाळा यांचा निरोप इकडून तिकडे कोणी द्यायचा, हा प्रश्न गावपातळीवरचाच राहतो.

आम्ही काय सुरू केले

नर्सबेनच्या त्या बोलण्यानंतर आम्ही पलीकडे जायचे ठरवले. आपल्या बाजूचे सरपंच, दोन आशाताई, पाळक आणि मी असे पाच जण गेलो. तिकडच्या सरपंचांनी पडवीत खाटा टाकल्या, चहा झाला आणि पहिला अर्धा तास कोण कोणाचे सोयरे लागते यातच गेला. मग कामाचे बोलणे निघाले. तेव्हा कळले की त्यांच्याही तक्रारी होत्या. त्यांच्या दोन पाड्यांना आपला दवाखाना जवळ पडतो, पण तिकडे आपल्याला विचारणार नाहीत म्हणून त्यांची माणसे लांब जात होती. अगदी आमच्यासारखेच.

आज दोन्हीकडच्या उपकेंद्रांच्या भिंतीवर एकच यादी चिकटवलेली आहे. त्यात दोन्ही बाजूंच्या नर्स, आशाताई, जीपवाले आणि सरपंच यांचे फोन नंबर आहेत, मराठी आणि गुजराती दोन्ही लिप्यांत. गरोदर बाईला आठवा महिना लागला की अंतर पाहून आधीच ठरते, कुठे जायचे. ऊसतोडीला जोडपे निघाले की बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाचा फोटो आशाताई पुढे पाठवतात. दोन्हीकडच्या ग्रामसभांनी याविषयी ठराव केला आहे आणि त्याच्या प्रती दोन्ही तालुक्यांना दिल्या आहेत.

एवढ्याने सगळे झाले असे मी म्हणणार नाही. हा करार नव्हे. उद्या नर्सची बदली झाली, सरपंच बदलले तर यादी भिंतीवर पिवळी पडेल. १०८ चा फोन अजूनही चुकीच्या राज्यात लागतो. प्रवासात जन्मलेल्या बाळाची नोंद कोणी करायची, याचे लेखी उत्तर मिळावे म्हणून दिलेल्या अर्जाला अजून उत्तर नाही. म्हणूनच मला साक्षवेदी पुन्हा पुन्हा आठवते. ओळखीवर चाललेले काम ओळख असेपर्यंत चालते. ते पुढच्या पिढीला मिळावे असे वाटत असेल तर कागदावर, सही-शिक्क्यानिशी उभे राहिले पाहिजे.

मंडळीसाठी

आपल्या मंडळ्यांना एक देणगी आहे. आपली सहभागिता राज्यसीमा पाळत नाही. मेळाव्याला, लग्नाला, अंत्यविधीला आपण पलीकडे जातोच. शासनाच्या कामात मंडळीने शासन होऊ नये. पण फिनहासासारखे पहिल्या भेटीला सोबत जाणे आपल्याला सहज जमण्यासारखे आहे. सरपंचाला पलीकडच्या सरपंचाकडे नेण्यासाठी कधी कधी फक्त दोघांना ओळखणारा एक माणूस लागतो.

अभ्यासगटात चर्चेसाठी प्रश्न :

१. आपल्या गावाची किंवा वस्तीची यार्देन कोणती? राज्याची सीमा, तालुक्याची, वॉर्डाची, की पंथाची?

२. पलीकडच्यांविषयी न विचारता आपण काय धरून चाललो आहोत? ते विचारायला कोण जाईल आणि कधी?

३. यहोशवा २२:१९ प्रमाणे शेजाऱ्यासाठी आपल्या वाट्यातले काय देता येईल?

४. लूक १७:११-१९ वाचा. शोमरोन आणि गालील यांच्या सीमेवर प्रभूला दहा कुष्ठरोगी भेटले. त्यांच्यात निदान एक शोमरोनी होता. आजाराने त्यांच्यातली कोणती सीमा पुसली होती?

प्रार्थना विषय : सीमेवरच्या दोन्ही बाजूंच्या नर्स आणि आशाताईंसाठी. ऊसतोडीला जाणारी जोडपी आणि त्यांच्या लेकरांसाठी. दोन्ही तालुक्यांच्या अधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी आरोग्य आणि शाळा या विषयांवर एकत्र बसावे म्हणून. जन्मनोंदीच्या अर्जाला उत्तर मिळावे म्हणून.

आणि त्या मुलीसाठी. तिचा दाखला अखेर मिळाला. आता ती अंगणवाडीत जाते. तिची आई मागच्या वर्षी पुन्हा गरोदर होती. या वेळी ती पलीकडच्या केंद्रात गेली, सहा किलोमीटर. बाळंतपण त्याच नर्सबेनने केले. मुलगा झाला.